घरी सोडून देणारे गजभिये सर

गजभिये सरांना कुठलंही काम अर्धवट धरून करता येत नसे. घरातला एक चमचा सापडला नाही तर ते स्वयंपाकघरातली सगळी भांडी अंगणात आणून मांडत. "आधी सगळं बाहीर काढा, मंग पाहू," हे त्यांचं वाक्य आमच्या लोहाऱ्याच्या कॉलनीत सगळ्यांना पाठ होतं. एप्रिलात जयंतीच्या आधी त्यांच्या घराला रंग लागायचा तेव्हा तर विचारूच नका. पलंग, कपाटं, गाद्या, बुद्धाची मूर्ती, भिंतीवरचं कॅलेंडर आणि ते ज्या खिळ्याला टांगलेलं असे तो खिळासुद्धा, सगळं अंगणात. वडिलांपासूनची पद्धत होती ती. जयंतीला घर कोरं पाहिजे, मागच्या सालचा कण उरता कामा नये, असं त्यांचे वडील म्हणत. संध्याकाळपर्यंत सर एकेक वस्तू पुसून आत नेत आणि प्रत्येक वस्तू बरोबर आपल्या जागी बसे. मी कॉलेजात ग्रंथपाल, वस्तू जागच्या जागी ठेवणं हाच माझा धंदा, तरी मी त्यांच्यापुढे हात टेकले होते.

आमच्या दोघांच्या घरांमध्ये एकच कंपाउंडची भिंत. तिच्यावरून वाटीभर साखरेपासून दिवसभराच्या तक्रारींपर्यंत सगळ्याची देवाणघेवाण चाले. सर भूगोल शिकवायचे. उंच, किडकिडीत, कानांवर केस. सुलोचनाकाकू त्यांच्या खांद्याला लागत आणि बोलण्यात मात्र त्यांच्या डोक्यावर बसत. "याईले अख्खी दुनिया नकाशात सापडते, सोताची चप्पल सापडत नाही," असं त्या मला भिंतीवरून सांगायच्या आणि सर आतून ओरडायचे, "आयकून राह्यलो मी!"

निवृत्त झाल्यावर माणूस प्लॉट घेतो, तीर्थाला जातो, फार तर ट्रॅक्टर घेतो. सरांनी लाल स्पोर्ट्स कार घेतली. गाव सोडून जाणाऱ्या एका डॉक्टरची होती ती. बुटकी, दोनच सीटची, वर कापडाचं छत. आमच्याकडे दर दुसऱ्या घराला शेती. ज्याने त्याने येऊन विचारलं, सर, हिच्यात सोयाबीनचं एक पोतं तरी मावते का? सर म्हणायचे, "पोतं कायले मावलं पाहिजे? सुलोचना मावते ना." काकू लाजेने कित्येक महिने त्या गाडीत बसल्याच नाहीत. "या वयात लोकं काय म्हनतीन!" मग एकदा महागावकडे, त्यांच्या माहेरच्या गावी लग्न निघालं आणि त्या डोक्याला स्कार्फ बांधून बसल्या. परतल्या त्या बदलूनच. त्यानंतर भाजी आणायलासुद्धा त्यांना लाल गाडीच लागायची आणि कॉलनीच्या वळणावर त्या हॉर्न वाजवायला लावायच्या, म्हणजे आम्ही बायकांनी बाहेर येऊन बघावं.

असं हे हसतंखेळतं घर. मग काकू विसरू लागल्या. आधी गॅस, मग किल्ल्या, मग वार. डॉक्टरांनी त्या आजाराचं नाव सांगितलं आणि हे वाढतच जाणार हेही सांगितलं. त्यांची एकुलती एक मुलगी पुण्याला असते, ती आली, आठवडाभर राहिली, आईला घेऊन जाते म्हणाली. सर म्हणाले, "तिथं तिले कोनतंच झाड वळखीचं नाही." काकूंनी मुलीचं नाव विसरायच्या आधी सरांनाच विसरून टाकलं. बेचाळीस वर्षांचा संसार केलेल्या माणसाला त्या एका सकाळी "ओ भाऊ" म्हणाल्या आणि पुढे तेच राहिलं.

दिवसा बरं असायचं. अंगणातल्या तुळशी, गोकर्णी बघत त्या बसून राहत. उन्हं कलली की मात्र अंगात काहीतरी शिरल्यासारखं व्हायचं. टॉवेलात कंगवा, साबणाची वडी, सकाळची पोळी आणि टीव्हीचा रिमोट बांधून त्या फाटकापाशी उभ्या राहत. "मले घरी जाऊ द्या. घरचे वाट पाहून राह्यले." हेच तुमचं घर, असं सांगून उपयोग नव्हता. तसं म्हटलं की त्या किंचाळत, हाताला येईल ते फेकत, सरांना चावत. सरांच्या मनगटावरचे व्रण मी पाहिले आहेत.

यावर उपाय सरांनीच शोधला. एका संध्याकाळी काही सुचेना म्हणून ते म्हणाले, "चला बाई, मी सोडून देतो तुमाले घरी." काकू लाल गाडीत निमूट बसल्या. एमआयडीसीला एक फेरा मारून सरांनी गाडी परत ह्याच फाटकाशी आणली आणि काकू खुशीत उतरल्या. "आलं बा घर!" झालं. पोहोचल्या. त्या शांत झोपल्या. तेव्हापासून रोजचा तो फेरा ठरून गेला. उतरताना त्या ड्रायव्हरला म्हणायच्या, "भाऊ, आता तुमी जा. तुमाले बी उशीर होत असन." सर मान डोलवून गल्लीतून वळसा घालत, मागच्या दाराने आत येत, शर्ट बदलत आणि चहा घेऊन समोर जात. चहा देणारा कोण, हे काकू विचारत नसत.

मी एकदा फार वैतागून म्हणाले, "सर, तुम्हाले विसरल्या अन् गाडी तेवढी आठवते?"

"गाडी लालच हाय अजून," सर म्हणाले. "मी पांढरा झालो, मंग वळखू येईन कसा?"

ते हसले. मी हसले नाही. मला काकूंचा रागच यायचा तेव्हा, आजारी माणसाचा राग करू नये हे कळत असूनही.

आणि मग ती गाडीच बंद पडली. आधी धक्के देऊ लागली, चढावर दम टाकू लागली आणि एका दुपारी घरघरून थांबली. राठोड मिस्त्री येऊन बॉनेट उघडून बघतो तर आत उंदरांनी संसार मांडलेला. कापूस, चिंध्या, सोयाबीनची टरफलं. प्लगच्या वायरी जागोजागी कुरतडून आतली तार दिसत होती, काही ठिकाणी तर तुकडेच पडले होते. "सर, वायरी गेल्या," तो म्हणाला. "नव्या आपल्या इकडं नाही भेटत, नागपूरहून मागवा लागन. अन् मी चाललो उमरखेडले, साळ्याचं लगन हाय. आल्या तं तुमीच लावून टाका, सोपं काम हाय. एक काढा, एक लावा. मंग दुसरी काढा, दुसरी लावा." आणि तो गेला.

वायरी यायला वेळ लागला, त्या संध्याकाळी कशा गेल्या हे मी लिहू शकत नाही. सरांनी ऑटो आणून पाहिला. काकू म्हणाल्या, "परक्याच्या गाडीत कायले बसू मी?" माझ्या स्कूटीचा तर त्यांनी आरसा फोडला. एकदा सरांचा डोळा लागला आणि फाटक उघडं राहिलं. काकू सापडल्या त्या मोठ्या रस्त्यावर, एमआयडीसीच्या ट्रकांच्या मधोमध, गाठोडं छातीशी धरून. एका ट्रकवाल्याने ब्रेक मारला म्हणून वाचल्या. त्या दिवसापासून सरांनी फाटकाला कुलूप लावलं आणि कुलूप लावल्याबद्दल स्वतःला रोज शिव्या घातल्या. "जिंदगीभर इले कोनी कोंडलं नाही, अन् आता मीच कोंडून राह्यलो." ते जेवत नव्हते. दाढी वाढली होती. मला वाटायचं, काकूंच्या आधी हेच जातील.

ज्या दुपारी पार्सल आलं, त्या दुपारी त्यांनी मला भिंतीवरून हाक मारली. "वंदना, ये वं जरा. हात धराले कोनी पाहिजे." मी गेले तेव्हा बॉनेट उघडं होतं आणि सर बाह्या सरसावून उभे. काकू व्हरांड्यात खुर्चीवर बसून आमच्याकडे बघत होत्या. मिस्त्रीने सांगितलेलं सरांनीच मला सांगून झालं होतं, एक काढा, एक लावा. मी आतून फडकं आणायला गेले. फडकं सापडायला जो काय वेळ लागला तेवढाच. बाहेर येऊन बघते तर अंगणात वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर पाचही वायरी, चारही प्लग, कापसाचा गोळा, आणि सर आतली धूळ ब्रशने झटकत होते.

"सर! सगळ्या काढल्या?"

"मंग? इतकी घान होती आत. आधी सगळं बाहीर काढलं, आता कसं साफ दिसून राह्यलं."

"पन कोनती कोठली?"

त्यांनी ब्रश खाली ठेवला. इंजिनाकडे पाहिलं, वर्तमानपत्राकडे पाहिलं. आयुष्यभर बाहेर काढलेली एकेक वस्तू बरोबर जागी बसवणारा तो माणूस तिथे उभाच राहिला. कपाट कुठल्या भिंतीचं ते कपाटाकडे बघून कळतं. वायरी सगळ्या सारख्याच काळ्या. एका बाजूला चार प्लगांच्या जागा, दुसऱ्या बाजूला करंट वाटून देणारा डबा, त्याच्यावर कडेने चार भोकं आणि मधे एक. मधली मधल्यात जाते एवढं दिसत होतं. बाकी चार. जुन्यांच्या लांबीवरून लावावं तर उंदरांनी तुकडे केलेले.

मिस्त्रीला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. त्याच्या सासरच्या तांड्यावर रेंज नसते, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं, तरी लावतच राहिलो.

सरांनी प्लग बसवून नव्या वायरी अंदाजाने जोडल्या. मी किल्ली फिरवली. इंजिन थरथरलं, खोकलं, थांबलं. दोन वायरींची अदलाबदल केली. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळेस मागून बंदुकीसारखा आवाज झाला आणि काळा धूर निघाला. काकू खुर्चीतून उठल्या, भिंतीला पाठ लावून खाली बसल्या आणि दोन्ही हातांनी डोकं झाकून रडायला लागल्या. "मले मारून राह्यले वं माय, मले मारून राह्यले." सर धावले, तर त्यांना पाहून त्या आणखीनच ओरडल्या. मी जवळ घेतलं तेव्हा कुठे थांबल्या.

सावल्या कंपाउंडच्या भिंतीवर चढल्या होत्या. काकू उठून आत गेल्या आणि गाठोडं घेऊनच बाहेर आल्या. फाटकाशी गेल्या, कुलूप हलवून पाहिलं, मग सरांपाशी येऊन अगदी साध्या, समजुतीच्या आवाजात म्हणाल्या, "भाऊ, झाली का गाडी? उशीर झाला तं घरचे रागावतीन."

"होते बाई," सर म्हणाले. "आता होते."

काकू फाटकाकडे वळल्यावर सर बॉनेटच्या कडेला धरून खाली बसले. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. मुलगी परक्या गावी गेली तेव्हा नाही, डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं तेव्हा नाही. आता ते लहान मुलासारखे हुंदके देत होते आणि काकूंना ऐकू जाऊ नये म्हणून ते काळं फडकं तोंडात कोंबत होते.

"माह्याच हातानं केलं, वंदना. एवढी एकच गोष्ट होती तिच्यासाठी. एकच. अन् मी तीबी मोडून ठेवली." मग म्हणाले, "आज तं कसंबी निघून जाईन. पन मी मेल्यावर इले घरी कोन नेईन? सांग ना. कोन नेईन?"

मी मोबाइल काढला. दुपारीच मी म्हटलं होतं की व्हिडिओ पाहू, तर सर म्हणाले होते, त्याची गाडी कोणती, आपली कोणती. आता ते स्क्रीनकडे वाकले. आधी केसांच्या तेलाची जाहिरात. मग एक तरुण, हातात पाना, हिंदीत म्हणाला, "भाइयो, एक बात याद रखना, सारे वायर एक साथ कभी मत निकालना।"

"हे आता सांगून राह्यला का बे!" सर ओरडले, आणि त्या अवस्थेतही मला हसू आलं. त्यांनाही आलं. नाक पुसून ते उठले.

तो पुढे म्हणाला, निकाले हो तो घबराना मत. पहिल्या सिलिंडरचा प्लग काढा, भोकावर बोट ठेवा आणि इंजिन थोडं थोडं फिरवा. आतली हवा बोटाला ढकलेल. त्या क्षणी डब्यातला दांडा जिकडे तोंड करून असेल, ती जागा एक नंबरची. मग दांडा ज्या बाजूने फिरतो त्या बाजूने एक, तीन, चार, दोन. आम्ही ते पुन्हा पुन्हा लावून ऐकलं. हा क्रम आपल्या गाडीचाही असेल का, हे आम्हाला विचारायला कोणी नव्हतं.

मधली वायर काढून ठेवली, डब्याचं झाकण उघडलं. मी किल्ली जराशी फिरवायची आणि सोडायची. सर भोकावर बोट दाबून. "नाही... नाही... अजून जराशीक... थांब! थांब वं! ढकललं!" दांडा पाहिला, खडूने खूण केली. एक. तीन. चार. दोन. प्रत्येक वायर बसताना टक्क वाजायची आणि ते मोठ्याने आकडा म्हणायचे, वर्गात हजेरी घेतात तसे. शेवटी मधली. मग ते स्वतः गाडीत बसले आणि किल्लीला हात लावून तसेच राहिले. फिरवायचं धाडस होईना.

"सर, फिरवा," मी म्हणाले. "काकू उभ्या आहेत."

त्यांनी फिरवली. गाडी सुरू झाली. नुसती सुरू नाही, गोड, एकसारखी, पहिल्या दिवसासारखी. मी फाटकाचं कुलूप काढलं. काकू येऊन आपल्या जागी बसल्या, गाठोडं मांडीवर घेतलं आणि त्यांचं लक्ष स्टिअरिंगवरच्या हातांकडे गेलं. ग्रीसने कोपरापर्यंत माखलेले, एका बोटाची साल निघालेली.

"हात पाहा कसे झाले, भाऊ," त्या म्हणाल्या. पदराचं टोक घेऊन त्या सरांची बोटं एकेक करून पुसू लागल्या. नखांच्या कडा, बोटांच्या पेरी, सावकाश. सर समोरच्या काचेतून बघत ताठ बसले होते. किती दिवसांनी त्यांच्या हाताला तिचा हात आपण होऊन लागला होता. हलले असते तर ती थांबली असती, म्हणून ते हलले नाहीत. मी तोंड फिरवलं.

फेरा झाला. काकू "आलं बा घर" म्हणून उतरल्या, सर मागच्या दाराने आत गेले, चहा झाला. राठोड मिस्त्री परतल्यावर त्याने बॉनेट उघडून पाहिलं आणि म्हणाला, "बरोबर लावल्या की सर. सोपंच होतं ना?" सर म्हणाले, "हो गा, सोपंच होतं."

त्यानंतर त्यांनी मला गाडी शिकवायचा घाट घातला. त्यांना माझी काळजी नव्हती, मला ठाऊक आहे. त्यांना मागे कोणीतरी पाहिजे होतं. मी शिकलेसुद्धा. पण मी चालवायला बसले की काकू दाराशी थांबून म्हणत, "ते भाऊ कोठी गेले? ते येतीन तवा जाईन." सर बाजूला उभे राहून हे ऐकत. एकदा त्यांनी मला स्वतःचा शर्ट घालून बसवलं. काकू फसल्या नाहीत. नवरा म्हणून ज्याला विसरल्या होत्या, तो ड्रायव्हर मात्र त्यांना पक्का ओळखू येत होता. सरांना याचं सुख वाटे की धास्ती, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कधीच कळलं नाही. दोन्ही असावीत.

सर थंडीत गेले. सकाळी व्हरांड्यात बसले होते, चहाचा कप हातात होता, मान एका बाजूला कलली. मी भिंतीवरून बोलत होते आणि ते उत्तर देईनात. डॉक्टर आले, काही उरलं नव्हतं.

मुलगी अजून वाटेत होती. लोकांनी त्यांना अंगणात ठेवलं, पांढरं कापड घातलं, त्रिशरण पंचशील झालं. काकूंना आत ठेवावं असं काहींचं म्हणणं होतं. मी ऐकलं नाही. त्यांचा हक्क होता. मी त्यांना हात धरून बाहेर आणलं. त्या जवळ बसल्या, चेहऱ्यावरची फुलाची पाकळी बाजूला केली आणि बराच वेळ पाहत राहिल्या. मला वाटलं, आता ओळखतील. निदान आता.

"हे तं ते भाऊ हाय," काकू म्हणाल्या. "मले रोज घरी सोडून देत. लय चांगला मानूस." मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "याईच्या घरी कोनी सांगतलं का? बायको असन ना याईले."

"आहे काकू," मी म्हणाले.

"काय म्हने ती? लय रडली असन."

"नाही काकू. अजून नाही रडली."

"बिचारी," काकू म्हणाल्या. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि त्या कुणा बाईसाठी त्या रडू लागल्या, आधी हळू, मग सगळं अंगण ऐकेल अशा मोठ्याने. त्यांना कोणी थांबवलं नाही.